दोह्याबाहेर अर्धा दिवस: वाळवंट, खोर अल अदैद आणि खाजगी गाडी

सोनसळी

दोह्यात पाहुणे आले की सूक वाकिफ होतं, कॉर्निश होतं, इस्लामी कलेचं संग्रहालय होतं आणि मग प्रश्न येतो, "वाळवंट बघायला कुठे जायचं?" इथल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दर थंडीत हाच प्रश्न फिरतो आणि उत्तरं "अमुक कंपनी चांगली, तमुक स्वस्त" एवढ्यावर संपतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचेही अनुभव खाली घाला, म्हणजे सगळं एका जागी सापडेल.

मी लिहितेय ते शहराच्या दक्षिणेकडच्या सहलीबद्दल. दोह्याहून मेसईद, तिथून सीलाइनचा किनारा, मग वाळूच्या टेकड्या आणि शेवटी खोर अल अदैद. दारापासून दारापर्यंत साडेचार-पाच तास. खोर अल अदैद, म्हणजे इथे सगळे ज्याला 'इनलँड सी' म्हणतात ते, हा सगळा प्रकारच विलक्षण आहे. समुद्र एका अरुंद, खोल खाडीतून आत शिरतो आणि थेट वाळवंटात जाऊन उथळ, पसरट पाणी होऊन थांबतो. पलीकडचा काठ सौदी अरेबियाचा. हा संरक्षित भाग आहे आणि २००८ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहे. रस्ता तिथपर्यंत जात नाही. डांबर सीलाइनपाशी संपतं, पुढचे तीसेक किलोमीटर वाळूतून.

माझं स्पष्ट मत: घरचे चार-पाच जण असाल तर पूर्ण गाडी घ्या. भाव गाडीचा असतो, माणशी नसतो, त्यामुळे गाडी भरली की सामायिक सहलीच्या तुलनेत फरक फारसा उरत नाही. खरा फायदा मात्र वेळेचा. सामायिक सहलीत तीन-चार गाड्या एकामागे एक जातात. उंटापाशी इतकी मिनिटं, टेकड्यांवरून गाडीच्या उड्या इतकी मिनिटं, खोरपाशी फोटो काढले की चला परत. गंमत सगळी टेकड्यांच्या उड्यांत खर्च होते आणि ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो ते पाणी दहा मिनिटांत आटोपतं. खाजगी गाडीत तुम्ही सांगाल तसं होतं, पण ते सांगावं लागतं. बुकिंग करतानाच सांगा, गाडीत बसल्यावर नव्हे. मी दर वेळी हे सांगते: उड्या कमी, खोरपाशी निदान पाऊण तास, आणि जाताना किनाऱ्याची वाट धरायची.

किनाऱ्याची वाट का, ते सांगते. सीलाइनच्या पुढे काही ठिकाणी टेकड्या थेट समुद्राला भिडतात. डावीकडे पाणी, उजवीकडे टेकडीचा तीव्र उतार, आणि मधल्या ओल्या वाळूच्या पट्ट्यावरून गाडी जाते. भरती असली तर हा पट्टा नसतोच, तेव्हा ड्रायव्हर आतून नेतो. त्याच्याशी वाद घालू नका.

वेळेबद्दल. डिसेंबरच्या मध्यात इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. "दुपारची सहल, तीन वाजता पिकअप" असं कुणी सांगितलं तर हिशेब करा: तासाभराने सीलाइन, टायरमधली हवा कमी करणं आणि उंट यांत अर्धा तास, म्हणजे खोरपाशी पोचेपर्यंत अंधार. थंडीत दुपारची सहल हवी असेल तर एक-दीडला निघायलाच हवं. मला स्वतःला सकाळ आवडते. सहाला निघालात तर रात्रीच्या वाऱ्याने पुसून काढलेली वाळू मिळते, एकही चाकोरी नसलेली. गुरुवार संध्याकाळ ते शनिवार टाळा. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि कॅम्पिंगच्या मोसमात सीलाइनला तोबा गर्दी असते.

मे ते सप्टेंबर जाऊच नका असं म्हणत नाही, पण पारा ४० च्या आसपास, कधी ४५ च्याही वर, आणि समुद्राकाठचा दमटपणा, यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं नेऊ नयेत.

विचारा काय विचारायचं ते.

मुसाफिर_७१

फार उपयोगी धागा. वाचनखूण साठवली. जानेवारीत आईबाबांना घेऊन येतोय. बाबा ७१, आईची कंबर दुखते, गुडघेही कुरकुरतात. टेकड्यांवर गाडी उडवतात ते व्हिडिओ बघून आईने आत्ताच नकार दिलाय. त्यांना नेणं शक्य आहे का? की आम्ही दोघांनीच जावं?

सोनसळी

@मुसाफिर_७१, काकूंना जरूर आणा. खोरपर्यंत जाण्यासाठी उड्या माराव्याच लागतात असं अजिबात नाही. टेकड्यांच्या मधून सपाट वाटा आहेत, तिथून गाडी हळू नेता येते. धक्के बसतील, पण खराब रस्त्यावर बसतात तेवढेच. बुकिंगच्या वेळी लिहूनच कळवा की गाडीत वयस्क आहेत आणि ड्यून बॅशिंग, म्हणजे टेकड्यांवरून गाडी उडवणं, नको. तोंडी सांगितलेलं ऑफिसातून ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही.

बसण्याची जागा महत्त्वाची. काकूंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा. मधली रांगही चालेल. लँड क्रूझरची तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर येते, सगळ्यात जास्त आपटतं ते तिथे. कंबरेचा पट्टा लावत असतील तर लावूनच निघू द्या. निघण्याआधी पोटभर नाश्ता नको, हलकं काहीतरी. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी, वाळूत शिरल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि हृदयाचा त्रास, नुकतंच ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर उड्या पूर्ण वर्ज्य, कितीही आग्रह झाला तरी.

उंटावर बसायचं की नाही ते गुडघ्यांवर सोडा. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे माणूस पुढे फेकला जातो; बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही माणूस पुढेच झुकतो. सवय नसलेल्याच्या कंबरेला तो झटका नको. बाजूला उभं राहून उंट बघण्यातही मजा आहे. त्यांच्या पापण्या इतक्या लांब असतात की मुलं तासभर बघत राहतील.

चारचाकी

माझ्याकडे फोर बाय फोर आहे, इथलं लायसन्स आहे. मी दर मोसमात मित्रांबरोबर जातो. टूरवाल्यांना पैसे देण्यापेक्षा दोन गाड्या घेऊन स्वतः जावं. सीलाइनला हवा कमी करून देणारे बसलेलेच असतात, येताना तेच भरून देतात. ३५ पीएसआयवरून १५-१८ वर आणायची, गिअर लो ठेवायचा, मधे थांबायचं नाही. एवढं जमलं की झालं.

सोनसळी

@चारचाकी, तुम्ही नेहमी जाणारे आहात, दोन गाड्या नेता, दोरी-फावडं बाळगता. तुमचं बरोबर आहे. पण हा धागा वाचून कुणी भाड्याची गाडी घेऊन एकटा निघेल, त्याची मला काळजी वाटते. भाड्याच्या गाडीचा विमा वाळूत उतरल्यावर सहसा लागू होत नाही, करार वाचून बघा.

दुसरं म्हणजे सबखा. नवख्याला हा प्रकार कळत नाही. टेकड्यांच्या मधे अगदी सपाट, पांढुरकी, कडक दिसणारी जमीन लागते. वर मिठाचा पापुद्रा असतो, दुधावरच्या साईसारखा, आणि खाली ओला चिखल. पायाने चाललात तर कुरकुर वाजतं, टणक वाटतं. दोन-अडीच टनांची गाडी गेली की पापुद्रा फुटतो आणि चाकं आसापर्यंत आत. सुटायची धडपड करत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आणखी खोल. कुठला सबखा गाडी पेलेल आणि कुठला नाही हे रंगावरून ओळखणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. ओलसर करड्या छटेपाशी ते वळतातच. ही नजर एका मोसमात येत नाही.

तिथे फोनही भरवशाचा नाही. खोरच्या काठावर कधी सिग्नल जातो, कधी पलीकडचं सौदी नेटवर्क पकडलं जातं. डेटा रोमिंग बंद ठेवा. आपत्कालीन क्रमांक ९९९.

चारचाकी

सबख्याबद्दल पूर्ण सहमत. एकट्या गाडीने कुणीच जाऊ नये, हे मीही ठामपणे सांगतो. खाजगी टूर घेणाऱ्यांनीसुद्धा हा प्रश्न विचारावा: "तुमची एकच गाडी आहे की जवळपास दुसरी असेल?" चांगल्या कंपनीचा ड्रायव्हर दुसऱ्या ड्रायव्हरच्या संपर्कात असतो. आणि क्वाड बाइकबद्दल लिहितो, कारण सीलाइनला मुलं त्यासाठीच हट्ट धरतात. टेकडीच्या माथ्यापलीकडे काय आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही, आणि समोरून दुसरा तसाच चढत असतो. हमद मेडिकल कॉर्पोरेशन दर कॅम्पिंग मोसमात सीलाइनला खास वैद्यकीय केंद्र चालवते ते उगाच नाही. हेल्मेटशिवाय नाही, आणि लहान मुलांना तर नाहीच.

ओंजळ

आमचा अनुभव लिहिते, कंपनीचं नाव लिहीत नाही. खाजगी गाडी म्हणून बुक केली होती. आली तेव्हा त्यात आधीच दोन अनोळखी माणसं बसलेली. विचारलं तर "सर, सेम रूट आहे". आम्ही नाही म्हणालो, अर्धा तास फोनाफोनी झाली, मग दुसरी गाडी आली. तो वेळ आमच्याच सहलीतून कापला. टेकड्यांवर ड्रायव्हर बेफाम. माझी मुलगी रडायला लागली, "भैया, स्लो" असं तीनदा म्हटलं तेव्हा कुठे हळू झाला. खोरपाशी पोचलो तर म्हणे पंधरा मिनिटं, मला पुढचं पिकअप आहे.

ते पंधरा मिनिटांचं पाणी इतकं सुंदर होतं म्हणून जास्तच वाईट वाटलं. मुलगी पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली आणि रडणं विसरली. तिथून तिला ओढून आणावं लागलं.

सोनसळी

@ओंजळ, वाचून फार वाईट वाटलं. लहान मूल रडत असताना गाडी हळू न करणं हा बेजबाबदारपणा आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

सगळ्यांसाठी: बुकिंगच्या संदेशात "पूर्ण गाडी फक्त आमच्यासाठी", "एकूण किती तास" आणि "खोरपाशी किती वेळ" या गोष्टी लिहून घ्या आणि त्यांचं "हो" लेखी येऊ द्या. उंट, टायरची हवा, पाणी हे भावात धरलंय का तेही विचारा. उंटाचे पैसे पुष्कळदा वेगळे असतात. कंपनी परवानाधारक आहे का हे विचारायला संकोच करू नका. कुणाच्या ओळखीचा गाडीवाला स्वस्तात नेतो म्हणून जाणं टाळा, अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो. लहान मुलांची सीट हवी असेल तर आधी सांगावं लागतं. आणि ड्रायव्हरशी बोला! बहुतेकांना हिंदी किंवा उर्दू येते, कित्येक तर आपल्याच देशातले किंवा शेजारचे. पहिल्या दहा मिनिटांत मोकळेपणाने बोललात की पुढचे चार तास वेगळे जातात. सीलाइनला त्याच्यासाठीही एक करक चहा घ्या.

खडकवाचक

धागा आवडला. मी भूशास्त्राचा माणूस आहे, तेव्हा वाळूबद्दल थोडं. गाडीतून उतराल तेव्हा टेकडीचा आकार बघा. इथल्या पुष्कळ टेकड्या चंद्रकोरीसारख्या आहेत, त्यांना बरखान म्हणतात. वारा जिकडून येतो ती बाजू सौम्य उताराची, आणि पलीकडची बाजू एकदम घसरती, ३२-३४ अंशांची. कोरडी वाळू त्याहून तीव्र उतारावर ठरतच नाही, घसरते. कोरीची दोन टोकं वारा जातो त्या दिशेला असतात. इथे वारा प्रामुख्याने वायव्येचा, ज्याला सगळे शमाल म्हणतात. म्हणजे टेकड्या आग्नेयेकडे सरकत आहेत. आणि आग्नेयेला काय आहे? समुद्र.

सोनसळी यांनी लिहिलंय की टेकड्या पाण्याला भिडतात. त्या तिथे अडलेल्या नाहीत, त्या पाण्यात उतरत आहेत. वाळू सावकाश समुद्रात जातेय.

मग नवी वाळू कुठून येते? इथेच खरी गोष्ट आहे. आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. शेवटच्या हिमयुगाच्या शिखराच्या काळात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. म्हणजे हे आखात कोरडं होतं, आणि वारा त्या उघड्या तळावरून वाळू उचलून इकडे आणत होता. पुढे बर्फ वितळला, समुद्र परत आला आणि वायव्येकडून येणारी रसद तुटली. आज कतारच्या आग्नेय कोपऱ्यात जी वाळू आहे ती शिल्लक आहे. तिच्यात भर फारशी पडत नाही, खर्च मात्र चालू आहे. पुढच्या वेळी टेकडीच्या माथ्यावर बसाल तेव्हा कडेवरून उडणारी बारीक वाळू बघा. जोराचा वारा असला की माथ्यावर एक धुरकट झालर दिसते, ती हीच.

सोनसळी

@खडकवाचक, अंगावर काटा आला वाचून. ती झालर मी कितीदा पाहिलीय, पाहुण्यांना दाखवलीय, पण ती जाते कुठे हे कधी मनात आलं नव्हतं. गाणाऱ्या टेकड्यांबद्दलही लिहा ना. मेसईदच्या अलीकडे आत वळून तिथे जाता येतं, पाहुणे विचारतात, आणि कधी आवाज येतो, कधी नाही.

खडकवाचक

@सोनसळी, आवाज येतो तो घसरत्या बाजूवरची वाळू थराने खाली सरकते तेव्हा. कण साधारण एकाच आकाराचे आणि गोलसर हवेत, आणि वाळू अगदी कोरडी. लाखो कण एकाच लयीत सरकले की खर्जातला घूं असा आवाज येतो, लांबून विमान जावं तसा. दमट हवा असली की कणांवर ओलाव्याचा थर बसतो आणि टेकडी गप्प. म्हणून पावसानंतर किंवा दव पडलेल्या पहाटे जाऊन उपयोग नाही. कोरडा वारा दोन-तीन दिवस वाहिला असेल आणि दुपार झाली असेल तर जा. माथ्यावर एका ओळीत बसायचं आणि सगळ्यांनी एकदमच बसल्या बसल्या खाली घसरायचं. आवाज कानांआधी मांड्यांना कळतो, खालची वाळू थरथरते. ती थरथर मला आवाजापेक्षाही आवडते.

रानवाट

सगळे दक्षिणेबद्दल लिहिताहेत म्हणून पश्चिमेची बाजू मांडतो. उड्या नको असतील, वयस्क बरोबर असतील, तर झिक्रीत बघा. दुखानच्या महामार्गाने दोह्याहून ८० एक किमी. तिथे वाळूच्या टेकड्या नाहीत. चुनखडीचे सुळके आणि पठारं आहेत, वाऱ्याने खालून कोरून काढलेली, वर रुंद आणि बुंध्याशी बारीक. बाजूला पश्चिमेचा समुद्र, अगदी उथळ आणि हिरवट. आणि दोन्हींच्या मधे, कुणालाच अपेक्षा नसते अशा जागी, रिचर्ड सेरा यांचं शिल्प: पोलादाचे चार उभे पत्रे, एका रेषेत, किलोमीटरभर अंतरात पसरलेले. २०१४ चं काम आहे. पत्रे १४ मीटरहून उंच आहेत. जमीन वरखाली असल्यामुळे त्यांची उंची सारखी नाही, पण माथे एका पातळीत आणलेत, दोन्ही बाजूंच्या पठारांच्या पातळीत.

पहिल्या पत्र्यापाशी उभं राहून शेवटच्याकडे बघा. मग चालत जा. गाडीने एकेका पत्र्यापाशी उतरून फोटो काढणारे लोक दिसतात, त्यांना त्यातलं अंतर कळत नाही. पोलाद गंजून तपकिरी झालंय, हात लावला तर दुपारी चटका बसतो.

महामार्ग सोडल्यावरची वाट खडबडीत आहे, म्हणून इथेही उंच गाडी आणि ड्रायव्हर बरा. पण कंबरेला त्रास फार कमी.

सोनसळी

@रानवाट, छान लिहिलंत. झिक्रीत मलाही आवडतं. @मुसाफिर_७१, काकूंची कंबर त्या दिवशी जास्त दुखत असेल तर हा पर्याय नक्की धरा. मात्र दोन्ही एका अर्ध्या दिवसात बसवू नका. काही कंपन्या "पूर्ण कतार सहा तासांत" असं विकतात, त्यात सगळा वेळ गाडीतच जातो.

गारवा

माझा विमान बदलण्याचा थांबा दोह्यात नऊ तासांचा आहे. एवढ्यात खोर अल अदैद होईल का?

सोनसळी

@गारवा, जेमतेम. विमानतळाबाहेर पडायला एक तास धरा, सहलीला पाच, आणि विमानाच्या दोन-तीन तास आधी परत. नऊ तासांत गणित बसतं, पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं की बिघडलं. हमद विमानतळ शहराच्या दक्षिण बाजूलाच आहे, मेसईदच्या दिशेला, ही त्यातली चांगली गोष्ट. थांबा दिवसाउजेडी आहे ना ते बघा. आठ तासांपेक्षा कमी असता तर मी नकोच म्हटलं असतं. भारतीय पासपोर्टवर प्रवेशाच्या अटी बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी हय्याच्या, म्हणजे कतारच्या प्रवेश-परवान्यांच्या, अधिकृत संकेतस्थळावर बघूनच सहलीचे पैसे भरा. ड्रोन आणू नका, परवानगीशिवाय चालत नाही. मेसईदवरून जाताना कारखान्यांचे आणि तेल-वायूच्या टाक्यांचे फोटो काढू नका.

तांबटपक्षी

पक्ष्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. थंडीत खोरच्या उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. लांबून पाण्यावर फिकट गुलाबी रेघ दिसते. दुर्बीण असेल तर बरोबर घ्या. आतल्या छोट्या बेटांवर ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारे शिकारी पक्षी, घरटी करतात, जमिनीवरच, कारण झाड नाही. ड्रायव्हर कौतुकाने जवळ न्यायला निघतो, त्याला थांबवा. उडालेले रोहित बघायला छान दिसतात, पण प्रत्येक उड्डाणात त्यांची चरण्याची वेळ आणि ताकद जाते, आणि लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला ती परवडत नाही.

दुसरी कळकळीची विनंती. टेकड्यांच्या पायथ्याशी खुरट्या झुडपांचे पुंजके असतात, वाळलेले वाटतात. ते जिवंत आहेत. गाडी त्यांच्यावरून गेली की ते परत उभे राहायला वर्षं लागतात, आणि त्यांच्या मुळांपाशी पाली, उंदीर, भुंगेरे राहतात. ड्रायव्हरला सांगा, आधीच्या चाकोरीतूनच चल. खाजगी गाडीत हे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि कचऱ्याची एक पिशवी बरोबर ठेवा. आपला कचरा तर आणायचाच, पण आधीच्यांचा हाताला लागेल तेवढाही आणा. काठावर प्लास्टिकच्या बाटल्या, कोळशाचे ढीग बघून जीव तुटतो.

चारचाकी

कोळशाबद्दल +१. लोक बार्बेक्यू करून वर वाळू लोटून जातात. खाली निखारा तासन् तास धगधगतो आणि वर काही दिसत नाही. अनवाणी मुलांचे पाय भाजतात. जुन्या चुलीच्या जागेपाशी मुलांना चप्पल घालायला लावा.

ओंजळ

पोहण्याबद्दल कुणी सांगेल का? पुढच्या वेळी मुलीला पाण्यात जाऊ देणार आहे.

सोनसळी

@ओंजळ, आतल्या उथळ भागात काठाजवळ खेळू द्या, बराच वेळ गुडघाभरच पाणी असतं. पाणी खूप खारट आहे. आखाताचं पाणी मुळात मोकळ्या समुद्रापेक्षा जास्त खारं, आणि आतल्या खोरात बाष्पीभवनाने आणखी वाढतं. डोळ्यांत गेलं तर चुरचुरतं, खरचटलेलं असेल तर झोंबतं. गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवा, नंतर अंग धुवायला. पण समुद्र आत येतो त्या अरुंद खाडीच्या तोंडाशी कुणीही, मोठ्यांनीसुद्धा, उतरू नका. तिथे खोली एकदम वाढते आणि भरती-ओहोटीचा ओघ जोराचा असतो.

मुसाफिर_७१

मंडळी, जाऊन आलो! सगळ्यांचे सल्ले कामी आले म्हणून मुद्दाम लिहितोय.

सकाळी सव्वासहाला गाडी आली. सांगितल्याप्रमाणे आई पुढे, बाबा आणि आम्ही मधे. ड्रायव्हर केरळचा, हिंदी उत्तम. त्याला निरोप पोचला होता, स्वतःहूनच म्हणाला, "मांजी, आज आपण आरामात जाऊ." सीलाइनला त्याने चारही चाकांची हवा काढली, प्रत्येक चाकापाशी उकिडवा बसून, मापक लावून, पुन्हा थोडी काढून. बाबा सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्याशेजारी उभे. "हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं," हे त्यांनी नंतर आम्हाला दोनदा समजावलं. आईने करक घेतला, वेलची बरोबर आहे म्हणाली, साखर जास्त.

भरती असल्यामुळे किनाऱ्याची वाट मिळाली नाही, आतून गेलो. गाडी एवढी हळू चालवली की आई मधे डुलकी काढून उठली. खोरच्या वरच्या टेकडीवर गाडी थांबली तेव्हा कुणीच बोललं नाही. खाली पाण्याचे निळ्या-हिरव्याचे पट्टे, पलीकडे सौदीच्या टेकड्या. वारा होता आणि थंडी चांगलीच होती. स्वेटर नसता तर बसवलं नसतं, हे जानेवारीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आम्ही तासाहून जास्त थांबलो. आईला पाण्यापर्यंत चालवेना, वाळूत पाय रुततात. तेव्हा ड्रायव्हरने गाडी काठावरच्या कडक पट्ट्यावर नेली आणि तिथे घडीची खुर्ची काढून दिली. त्याच्याकडे ती होती! वयस्क असतील त्यांनी खुर्चीचं आधीच विचारून ठेवावं.

रोहित दिसले, लांब होते. बाबांनी मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर सोडून दिलं.

परतताना मी आणि बायकोने दहा मिनिटं उड्यांचीही मजा घेतली. ड्रायव्हरने आईबाबांना टेकडीखाली सपाट जागी बसवलं, दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्यापाशी थांबला, आणि आम्हाला एक फेरी मारून आणली. खाजगी गाडी नसती तर हे जमलंच नसतं.

सोनसळी

@मुसाफिर_७१, किती आनंद झाला सांगू! खुर्चीची कल्पना माझ्याही यादीत गेली. आणि आईबाबांपाशी दुसरा माणूस थांबवला हे त्या ड्रायव्हरने फार चांगलं केलं, वयस्कांना वाळूत एकटं सोडायचं नाही.

रानवाट

@मुसाफिर_७१, मस्त वृत्तांत. आता अजून एक सकाळ असेल तर उत्तरेला अल थाकिराची तिवरं करा. अल खोर शहराच्या पुढे. आपल्या खाड्यांत असतात तीच जात, पण भोवती सगळं उजाड आणि मधे हा हिरवा पट्टा. कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, मिळतात.

मुसाफिर_७१

@रानवाट, परवाची सकाळ मोकळी आहे. आईबाबा हॉटेलवर आराम करणार, आम्ही दोघं जाऊ शकतो. किती वाजता निघावं?

तांबटपक्षी

@मुसाफिर_७१, घड्याळ बघून ठरवू नका, भरतीचं वेळापत्रक बघा. ओहोटीला तिवरांमधले ओहोळ कोरडे पडतात आणि कयाक चिखलात ढकलावी लागते. भरती पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी पाण्यात उतरा, म्हणजे आत शिरताना पाणी मदत करतं आणि वळताना ते शांत असतं. कयाकवाले वेळ सांगतात तेव्हा "त्या वेळी भरती किती?" एवढं विचारा. बगळे हमखास दिसतील, कधी खंड्याही. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीएवढी वर आलेली असतात, त्यांच्यावर पाय देऊ नका आणि जुने बूट घाला.